संस्कृत साहित्याचे पदवी-अध्ययन

संस्कृत साहित्याचे पदवी-अध्ययन : विद्यापीठाच्या कला शाखेतील पहिल्या पदवीसाठी संस्कृत भाषा व तीतील वाङ्मय हा मुख्य विषय घेऊन केलेला अभ्यास. पाठशाळेतील पारंपरिक शास्त्राध्ययनापासून तो वेगळा आहे. पाठशाळेत एक शास्त्र घेऊन त्यातील ग्रंथ गुरुमुखातून, बहुधा पाठांतराने, अनेक वर्षे शिकावयाचा असतो. विद्यापीठात काव्य, नाटक, गद्य, वेद, दर्शने, व्याकरण व साहित्यशास्त्र यांतील निवडक भाग ठराविक मुदतीत वाचून त्यांचे ऐतिहासिक व समीक्षात्मक विवेचन करावयाचे असते. महाराष्ट्रात या दोन्ही पद्धती गेली दोन शतके शेजारी-शेजारी चालत आल्या असून त्यांतील देवाणघेवाणीतूनच येथील संस्कृत अध्यापनाला आजचे रूप आले. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील, विशेषतः सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भातील, पदवी-अध्ययनाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : पेशवाईत श्रावणमासात विद्वानांना दक्षिणा वाटण्याची प्रथा होती. पेशवाईच्या अखेरीनंतर मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार या दक्षिणेतील काही रक्कम शिक्षणाकडे वळविण्यात आली व १८२१ मध्ये पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तीत वेद, व्याकरण, न्याय, वेदान्त, धर्मशास्त्र, अलंकार, ज्योतिष, वैद्यक इ. विषयांचे शास्त्री नेमलेले असत. प्रारंभी ही पाठशाळा ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती. १८५१ मध्ये ती इंग्रजी शाळेशी जोडली जाऊन पूना कॉलेज बनले आणि पुढे १८६४ मध्ये त्यास डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले. शास्त्र्याची गादी आणि प्राध्यापकाची खुर्ची एकाच इमारतीत आली, ती या संस्थेत.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. त्याच्या पहिल्या पदवीधरांत (१८६२) महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. विद्यापीठाने लवकरच वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळून त्यांच्या जागी अभिजात भाषा आवश्यक केल्या. त्यामुळे मराठी बोलणाऱ्या पदवीधरास मराठी वाङ्मयाचा अभ्यास न करता पदवी मिळे. संस्कृत, फार्सी, लॅटिन यांपैकी एक भाषा मात्र त्यास घ्यावीच लागे. मराठीला विद्यापीठाच्या परीक्षांत पुन्हा स्थान मिळू लागले, ते विसाव्या शतकाच्या आरंभी. त्यामागे न्यायमूर्ती रानडे यांचे प्रयत्न होते. या व्यवस्थेमुळे संस्कृतचा प्रसार झाला हे खरे. परंतु पुष्कळांच्या दृष्टीने ते उत्तीर्ण होण्यापुरते आवश्यक असे एक ओझेच होते, हेही नमूद केले पाहिजे. संस्कृत ऐच्छिक झाल्यावर विद्यार्थिसंख्या घटली, याचे एक कारण तिची पूर्वीची संख्या बरीचशी सक्तीची होती, हे आहे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास दिली जाणारी नाना शंकरशेट (१८०३–६५) यांच्या नावाची शिष्यवृत्ती मात्र दीर्घकाळ विशेष प्रतिष्ठेची मानली गेली. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांनी ती १९१२ मध्ये मिळविली होती.

पाठ्यपुस्तके : महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यास *लघुसिद्धान्तकौमुदी* सूत्रशः पाठ करण्याइतका अवधी नव्हता. ही अडचण भांडारकरांनी (१८३७–१९२५) ओळखली आणि १८६० नंतरच्या दशकात संस्कृतची दोन क्रमिक पुस्तके तयार केली. रूपे थोडीथोडी देणे, त्या रूपांपुरतीच वाक्ये देणे आणि प्रत्येक पाठात संस्कृतातून इंग्रजीत व इंग्रजीतून संस्कृतात भाषांतर करावयास लावणे, ही त्यांची पद्धती. पाणिनीची परिभाषा न टाकता तिचा भार हलका करणारी ही पुस्तके शंभरांहून अधिक वर्षे वापरात राहिली. त्यांच्या जोडीला वामन शिवराम आपटे (१८५८–९२) यांचे संस्कृत रचनेवरील पुस्तक (१८८१) व संस्कृत-इंग्रजी कोश (१८९०) आणि मोरेश्वर रामचंद्र काळे यांचे उच्च व्याकरण (१८९४) ही आली. आपट्यांच्या पुस्तकात कारके, कृदन्ते व काळ यांचे प्रयोग अभिजात ग्रंथांतील उदाहरणांनी दाखविले असल्याने केवळ रूपे जाणणारा विद्यार्थी वाक्य रचू लागे.

मूळ ग्रंथांच्या विश्वसनीय आवृत्त्या हा दुसरा प्रश्न होता. गेओर्ख ब्यूलर व फ्रान्ट्स कीलहोर्न यांनी १८६८ पासून ‘बाँबे संस्कृत सीरीज’ ही शासकीय ग्रंथमाला काढली. तिचा आरंभ *पंचतंत्रा*ने झाला. शंकर पांडुरंग पंडित यांनी कालिदासाचे ग्रंथ, तर काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी भर्तृहरीची शतके व *मुद्राराक्षस* यांचे संपादन या मालेत केले. अनेक हस्तलिखिते ताडून पाठभेद देण्याची शिस्त महाराष्ट्रातील पदवीच्या वर्गात येथून आली.

विद्यार्थ्यांसाठी केलेल्या आवृत्तीतून केवढे संशोधन उभे राहू शकते, याचे ठळक उदाहरण पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) यांचे आहे. *साहित्यदर्पणा*च्या त्यांच्या महाविद्यालयीन आवृत्तीला जोडलेली प्रस्तावना वाढत जाऊन तिचा संस्कृत साहित्यशास्त्राचा स्वतंत्र इतिहास झाला. *व्यवहारमयूखा*साठी योजिलेल्या प्रस्तावनेतून तर धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड (१९३०–६२) निर्माण झाले. टिपा व भाषांतरे यांनी सजलेल्या परीक्षोपयोगी पुस्तकांना विद्वान नावे ठेवतात. परंतु काण्यांच्या किंवा काळ्यांच्या टिपा व आजची प्रश्नोत्तररूप मार्गदर्शके यांत अंतर आहे. पहिल्या प्रकारच्या टिपा वाचणाऱ्यास मूळ ग्रंथाकडे जावेच लागते. दुसऱ्या प्रकारात मूळ ग्रंथ न उघडताही परीक्षा देता येते.

मराठीतूनही पदवीच्या विद्यार्थ्यास उपयुक्त असे वाङ्मय विसाव्या शतकात तयार झाले. वा. वि. मिराशी यांचा *कालिदास* (१९३४), ग. त्र्यं. देशपांडे यांचे *भारतीय साहित्यशास्त्र* (१९५८) व र. पं. कंगले यांचा *रसभाव-विचार* (१९७३) ही त्यांतील महत्त्वाची नावे होत. संस्कृताच्या प्रश्नपत्रिकांची उत्तरे मराठीतून लिहिण्याची मोकळीक मिळाल्यानंतर या ग्रंथांचे महत्त्व वाढले.

अभ्यासक्रम : विद्यापीठागणिक तपशील वेगळे असले, तरी सामान्य क्रम सारखा आहे. आरंभी सोपे काव्य व नाटक (उदा., *रघुवंशा*चा एखादा सर्ग, *स्वप्नवासवदत्त*), नीतिपर श्लोक व व्याकरणाची उजळणी, मधल्या टप्प्यात *मेघदूत*, *किरातार्जुनीया*चा पहिला सर्ग, *कादंबरी*तील शुकनासोपदेश यांसारखे वेचे, छंद व अलंकार, शेवटी *अभिज्ञानशाकुंतल*, *मृच्छकटिक* किंवा *उत्तररामचरित* यांपैकी एखादे नाटक, ऋग्वेदातील निवडक सूक्ते, एखादे उपनिषद, *तर्कसंग्रह* किंवा *सांख्यकारिका*, *काव्यप्रकाशा*तील काही उल्लास, वाङ्मयाचा इतिहास व भाषाशास्त्राची मूलतत्त्वे.

ही यादी प्राचीन वाटते. प्रत्यक्षात तिचा बराच भाग विसाव्या शतकातील आहे. भासाच्या नावावर असलेली नाटके टी. गणपतिशास्त्री यांनी त्रिवेंद्रम येथून १९१२ पासून प्रसिद्ध केली. त्यापूर्वी महाविद्यालयांना भास ठाऊक होता तो कालिदासादींनी केलेल्या उल्लेखांतूनच. कौटिलीय *अर्थशास्त्र* आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रकाशात आणले व त्याची चिकित्सक आवृत्ती कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी १९६० पासून सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने (स्थापना १९१७) *महाभारता*ची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. तेव्हापासून ‘महाभारतातील अमुक आख्यान’ असे नेमताना कोणत्या पाठानुसार, हा प्रश्न अभ्यासमंडळास टाळता येत नाही. भांडारकरांच्या पिढीने भास वा कौटिल्य न वाचता पदवी घेतली. तथापि त्या पिढीचे व्याकरण आजच्यापेक्षा पक्के होते.

वाचनाची रीत : पदवीच्या वर्गात श्लोक पुढील क्रमाने उलगडतात. प्रथम पदच्छेद, म्हणजे संधी सोडविणे. ‘तच्छ्रुत्वा’ हे ‘तत्’ व ‘श्रुत्वा’ असे सुटले, की अर्ध्या शंका नाहीशा होतात. नंतर समासांचा विग्रह. ‘पीतांबर’ हा शब्द कर्मधारय घेतला, तर पिवळे वस्त्र. बहुव्रीही घेतला, तर ते नेसणारा विष्णू. आणि कोणता घ्यावयाचा हे वाक्यातील विशेष्यावरून ठरते. यानंतर अन्वय : दंडान्वयात कर्ता, कर्म, क्रिया अशा क्रमाने पदे मांडतात, खंडान्वयात आधी क्रियापद शोधून ‘कोण?’, ‘काय?’, ‘कसा?’ असे प्रश्न विचारीत एकेक पद जोडतात. मराठी विद्यार्थ्यास खंडान्वय अधिक सोयीचा पडतो, असा पुष्कळ अध्यापकांचा अनुभव आहे. शेवटी टीका. मल्लिनाथाची *रघुवंशा*वरील ‘संजीवनी’ व *किरातार्जुनीया*वरील ‘घंटापथ’ या टीका मूळ काव्याइतक्याच वाचल्या जातात. कारण कोशाचे प्रमाण, व्याकरणाचे सूत्र, अलंकाराचे नाव व पाठभेद ही चारही कामे मल्लिनाथ थोड्या ओळींत उरकतो. जो विद्यार्थी टीका स्वतः वाचू लागला, त्याचे पदवी-अध्ययन सफल झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

छंदांचा अभ्यास गणांनी होतो. *मेघदूत* आद्यंत मंदाक्रांता वृत्तात आहे : प्रत्येक चरणात सतरा अक्षरे, म-भ-न-त-त हे गण व शेवटी दोन गुरू, यती चार, सहा व सात अक्षरांवर. हे कागदावर पाठ करण्यापेक्षा मोठ्याने म्हणून कानाने ओळखणे इष्ट. पाठशाळेची ही रीत महाविद्यालयाने बव्हंशी गमावली आहे. कुसुमाग्रज, शांता शेळके प्रभृतींनी *मेघदूता*चे मराठी अनुवाद केले असून ते मुळाशेजारी ठेवून वाचल्यास कोणता अर्थ भाषांतरात येतो व कोणता नाद मागे राहतो, हे स्पष्ट दिसते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या *संगीत शाकुंतला*ने (१८८०) कालिदासाचे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, हाही तौलनिक अभ्यासाचा एक चांगला विषय आहे.

मराठी भाषिकाला संस्कृत शब्द ओळखीचे वाटतात, हा त्याचा फायदा तसाच धोकाही आहे. ‘राग’ हा मराठीत क्रोध, संस्कृतात रंग वा अनुराग. ‘शिक्षा’ मराठीत दंड, संस्कृतात शिकवण. ‘चेष्टा’ मराठीत थट्टा, संस्कृतात हालचाल वा प्रयत्न. ‘मित्र’ हा शब्द सखा या अर्थी संस्कृतात नपुंसकलिंगी आहे, तर पत्नीवाचक ‘दार’ शब्द पुल्लिंगी व नित्य बहुवचनी. प्रथम वर्षाच्या उत्तरपत्रिकांतील चुकांचा मोठा भाग अपरिचित शब्दांपेक्षा अशा परिचित शब्दांतच सापडतो.

सोलापूरच्या वर्गात यात आणखी एक बाब मिसळते. येथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दू या भाषाही घरोघरी बोलल्या जातात. तेलुगू भाषिक विणकर कुटुंबातील वा कन्नड भाषिक घरातील विद्यार्थ्याकडे तत्सम शब्दांचा साठा मराठी विद्यार्थ्याइतकाच असतो. परंतु उच्चार व अर्थच्छटा निराळ्या असतात. ‘ज्ञ’ या जोडाक्षराचा मराठी उच्चार ‘द्न्य’सारखा, हिंदीतील ‘ग्य’सारखा, दक्षिणेकडील त्याहून वेगळा, ‘ऋ’चा मराठीत ‘रु’, हिंदीत ‘रि’. यांतील कोणताही उच्चार पाणिनिकालीन नाही, हे अशा मिश्र वर्गात समजावून सांगणे सोपे जाते. एकभाषिक वर्गाला ते सहसा पटत नाही.

सोलापूर : शहरात १९४० मध्ये दयानंद महाविद्यालय स्थापन होईपर्यंत येथील विद्यार्थ्यांना पदवीसाठी पुणे, सांगली वा अन्यत्र जावे लागे. संगमेश्वर महाविद्यालय १९५३ मध्ये निघाले. विद्यापीठीय दृष्ट्या जिल्हा प्रथम मुंबई, १९४९ नंतर पुणे व १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत होता. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले व २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले हे विद्यापीठ आहे. अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या विषयाला याची झळ अधिक बसते : चार-पाच जिल्ह्यांतील महाविद्यालये मिळून जे अभ्यासमंडळ, परीक्षक व पदव्युत्तर वर्ग उभे राहू शकतात, ते एका जिल्ह्यात उभे करणे कठीण जाते.

गिरण्यांचे व हातमागांचे शहर म्हणून ख्यात असलेल्या सोलापूरचे संस्कृत ग्रंथप्रकाशनातील स्थान मात्र मोठे आहे आणि त्याची जाणीव शहराबाहेरच अधिक आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमाला चालविली. आ. ने. उपाध्ये व हीरालाल जैन हे तिचे प्रमुख संपादक. *तिलोयपण्णत्ती* (१९४३, १९५१) हा प्राकृत ग्रंथ, त्रिविक्रमाचे प्राकृत व्याकरण (प. ल. वैद्य संपादित, १९५४), शुभचंद्राचे *पांडवपुराण* (१९५४) व महावीराचार्यांचा *गणितसारसंग्रह* (१९६३) हे तिच्यातील काही ग्रंथ. कृष्णकांत हंडिकी यांचा सोमदेवाच्या *यशस्तिलकचंपू*वरील (९५९) इंग्रजी प्रबंध १९४९ मध्ये येथूनच निघाला. चंपू या प्रकारावर इतके सखोल विवेचन क्वचितच झाले आहे. *पांडवपुराणा*चे संपादक जिनदास पार्श्वनाथ फडकुले हे सोलापूरचेच शास्त्री होत. त्याआधी, विसाव्या शतकाच्या प्रारंभी, वीरशैव संप्रदायाचे संस्कृत ग्रंथही सोलापुरातून एका स्वतंत्र ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले होते; *सिद्धान्तशिखामणि* हा त्यांतील प्रमुख ग्रंथ.

पदवीच्या अभ्यासक्रमात यांतील काहीच सहसा नेमले जात नाही. कालिदास, भास, बाण यांची परंपरागत चौकट सोडण्याचे धाडस अभ्यासमंडळे करीत नाहीत, हे त्याचे कारण दिसते. वस्तुतः सांगोले तालुक्यातील नाझरे येथील श्रीधर कवीचा (१६५८–१७२९) मराठी *पांडवप्रताप*, व्यासांचे *महाभारत* व शुभचंद्राचे जैन *पांडवपुराण* या तिहींतील एकच प्रसंग शेजारी ठेवून वाचविण्यास सोलापूरइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. एकाच कथेची वैदिक, जैन व भक्तिसांप्रदायिक रूपे यांतून विद्यार्थ्यासमोर येतात, आणि ती पुस्तके जिल्ह्याबाहेरून आणावी लागत नाहीत.

प्रवेशाचा प्रश्न : संस्कृत कोणी शिकावे, हा महाराष्ट्रात केवळ शैक्षणिक प्रश्न कधीच नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेण्याची इच्छा असूनही ते नाकारले गेले व फार्सी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास स्वप्रयत्नाने केला. विद्यापीठाच्या नियमांत असा भेद नव्हता. तो शाळेच्या वर्गात होता, आणि शाळेत संस्कृत न मिळालेल्यास महाविद्यालयात ते घेणे जवळजवळ अशक्य होते. आज कायद्याने वा रूढीने कोणास मज्जाव नाही. परंतु ज्या शाळांत संस्कृतचा शिक्षकच नाही, त्या शाळांतील मुलांपुढे परिणामी तीच भिंत उभी राहते. या भिंतीवर उपाय म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षी वर्णमालेपासून आरंभ करणारा प्रारंभिक वर्ग. जेथे तो चालतो, तेथे विषय टिकतो. जेथे दहावीच्या संस्कृताची अट गृहीत धरली जाते, तेथे वर्ग रिकामा होत जातो.

सोलापूर जिल्ह्यात जन्मलेले पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार (१९३४–२०२१) यांचे उदाहरण या संदर्भात लक्षणीय आहे. त्यांनी संस्कृतचे प्राथमिक अध्ययन सोलापुरात केले, पुढे मुंबईत अध्यापन व प्रचारकार्य केले आणि वाराणसीच्या विश्वसंस्कृत प्रतिष्ठानाचे सरचिटणीसपद भूषविले. संस्कृत विशिष्ट जातीची वा धर्माची नव्हे, हे त्यांच्या बाबतीत वादाने सिद्ध करावे लागत नाही.

सद्यःस्थिती : माध्यमिक शाळेत संस्कृत शंभर गुणांचे संपूर्ण किंवा दुसऱ्या भाषेबरोबर पन्नास गुणांचे संयुक्त असे घेता येते. शालान्त परीक्षेत भरघोस गुण देणारा विषय अशी त्याची ख्याती आहे आणि तेच त्याच्या ऱ्हासाचेही एक कारण आहे. गुणांसाठी विषय घेणारा विद्यार्थी दहावीनंतर विज्ञान वा वाणिज्य शाखेकडे जातो. पदवीच्या संस्कृत वर्गात येणारा विद्यार्थी बहुधा निराळाच असतो. डॉ. सुनीतिकुमार चतर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संस्कृत आयोगाने (१९५६–५७) पाठशाळा व विद्यापीठ यांतील दरी बुजविण्याची शिफारस केली होती. रा. ना. दांडेकर हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. महाराष्ट्रात रामटेक येथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ (१९९७) स्थापन झाल्याने शास्त्रीय शाखांना विद्यापीठीय आधार मिळाला. पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही संस्कृताची पदवी घेता येते. नोकरी करणाऱ्या वा उतारवयात संस्कृत शिकू इच्छिणाऱ्या व्यक्ती भारतीय विद्या भवनाच्या सरल संस्कृत परीक्षांपासून आरंभ करतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अनुसार पदवी तीन किंवा चार वर्षांची झाली असून श्रेयांकपद्धतीमुळे अन्य शाखांतील विद्यार्थ्यांनाही संस्कृतचा एखादा अभ्यासक्रम घेता येऊ लागला आहे. मात्र दोन-चार श्रेयांकांत सुभाषिते व संभाषण यांपलीकडे जाणे शक्य होत नाही.

पदवीधरांसाठी शालेय अध्यापन हा प्रमुख व्यवसाय आहे. हस्तलिखितांची सूची करणे, पुराभिलेख वाचन, कोशकार्य व भाषांतर ही इतर क्षेत्रे होत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम १९४८ मध्ये सुरू झाले व त्याचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला; ते अद्याप चालू आहे आणि त्यास व्याकरण जाणणाऱ्या तरुणांची नित्य गरज असते. आयुर्वेदाच्या पदवी-शिक्षणातही आरंभी संस्कृत शिकविले जाते. सोलापुरात शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय असल्याने तेथील विद्यार्थ्यांना *अष्टांगहृदया*चा एखादा अध्याय साहित्याच्या विद्यार्थ्यांबरोबर वाचता येणे शक्य आहे. वाग्भटाची पद्यरचना वृत्तांच्या अभ्यासासही तितकीच उपयोगी पडते.